पहाटे ३.४० ते सायंकाळी ५.१०

या घटनाक्रमातला शेतकरी कल्पित आहे. त्याचं वय आणि त्याचा गेलेला वेळ मात्र मनाने ठरवलेला नाही. २००१ ते २००५ या काळात देशातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत आलेल्या २०,९३७ हृदयरुग्णांची नोंद ‘क्रिएट’ या अभ्यासात झाली. २००८ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आली. त्या रुग्णांचं सरासरी वय ५७ वर्षांच्या थोडं वर होतं. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला निम्म्या रुग्णांना ३६० मिनिटांहून जास्त वेळ लागला. ज्यांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं, त्यांच्यातल्या निम्म्यांना रुग्णालयात पोचल्यावरही ५० मिनिटांहून अधिक थांबावं लागलं.

५७ वर्षं, ३६० मिनिटं, ५० मिनिटं. हे तीन आकडे मी मंठा तालुक्यातल्या एका गावात नेले आहेत. गाव मंठ्यापासून ९ किलोमीटरवर. महिना ऑक्टोबरचा, सोयाबीनच्या काढणीचा.

पाच महिने आधी

गावातल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब भरला १६४/१००. तीस गोळ्या मिळाल्या. त्या त्याने नेमाने घेतल्या. महिना संपला, गोळ्या संपल्या. काही दुखत नव्हतं, म्हणून पुढच्या आणल्या नाहीत.

तीन आठवडे आधी

शेताकडे जाताना लिंबाच्या झाडापाशी आलं की खालचा जबडा दुखायचा आणि दम लागायचा. थांबलं की दोन-तीन मिनिटांत राहायचं. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर, त्याच झाडापाशी पुन्हा.

त्याने दाढ समजून बाजारातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. चाललं की दुखतं आणि थांबलं की राहतं, ही दाढेची रीत नव्हे. श्रमाच्या वेळी हृदयाला रक्त कमी पडतंय, हे शरीर इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगतं. या तीन आठवड्यांत कुठल्याही दिवशी तपासणी झाली असती, तर पुढचं काहीही घाईने करावं लागलं नसतं.

तंबाखू-चुना तिसाव्या वर्षापासून. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००७ मध्ये दाखवलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत सरासरी ५९ व्या. कारणं सगळीकडे तीच होती. आपल्याकडे ती लवकर जमा होतात.

आदल्या रात्री ११.००

मळणी संपली. ४१ कट्टे भरून झाले. पोरगा यंत्रावरून घरी आला आणि जेवून लगेच झोपला. बापाने बेसन-भाकरी खाल्ली, तंबाखू मळली आणि ओसरीवर बाज टाकली.

पहाटे ३.४०

हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीच्या आत चरबीचा एक थर होता. त्यावरचा पातळ पापुद्रा फाटला. फाटलेल्या जागेवर रक्तातल्या चपट्या पेशी चिकटल्या, त्यांच्यावर गुठळी धरली आणि धमनी बंद झाली.

तो जागा झाला. छातीवर कट्टा ठेवल्यासारखं ओझं. बनियन घामाने भिजलेलं.

३.४१

गुठळीच्या पलीकडचा स्नायू आकुंचन पावायचा थांबला. पेशी अजून जिवंत होत्या. रक्त पुन्हा मिळालं, तर सगळ्या वाचणार होत्या.

३.५०

बायको उठली.

“अहो, काय होतंय?”

“गॅस झालाय. रात्रीचं बेसन बाधलं.”

तिने ओवा दिला, पाण्यात खायचा सोडा घालून दिला. एक ढेकर आला. दोघांनाही बरं वाटलं.

४.००

वीस मिनिटं झाली. हृदयाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी मरायला सुरुवात झाली. जखमेवर नवी कातडी येते, मोडलेलं हाड सांधतं. हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. त्याच्या जागी व्रण येतो आणि व्रण आकुंचन पावत नाही.

४.१०

“पोराला उठवू का?”

“नको. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा. उजाडू दे.”

या दिवसातला सर्वांत महाग निर्णय हा होता आणि तो मायेपोटी झाला होता. पोरगा अठरा तास राबला होता. रात्री-अपरात्री गाडी काढायची, शेजार उठवायचा, आणि मंठ्यात जाऊन गॅस निघाला तर गावभर चर्चा. असा विचार करणारा माणूस निष्काळजी नसतो. आपल्या दुखण्याचा दुसऱ्याला त्रास नको, हे त्याच्या अंगी मुरलेलं असतं. हृदयविकारावरच्या व्याख्यानांत अज्ञानाबद्दल पुष्कळ बोललं जातं. या भिडेबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला वाटतं, माणसं हिच्यामुळेच जास्त दगावतात.

४.२०

चाळीस मिनिटं. अमेरिकेत रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर हे मोजून ठेवलं आहे. धमनी बांधून चाळीस मिनिटांनी सोडली, तर धोक्यात आलेल्या स्नायूपैकी ३८ टक्के मेलेला असतो. तीन तासांनी ५७ टक्के. सहा तासांनी ७१ टक्के. मरण आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जातं. माणसात हे आकडे कमीजास्त होतात. सरकण्याची दिशा तीच राहते.

४.४०

एक तास पुरा झाला.

या एका तासाची किंमत इटलीतल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये दाखवून दिली. ‘जिसी’ नावाच्या त्यांच्या चाचणीत जवळपास १२ हजार रुग्ण होते. निम्म्यांना स्ट्रेप्टोकायनेज हे औषध शिरेतून दिलं. पहिल्या तासात ज्यांना ते मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तीन तासांनंतर फायदा खूपच घटला. सहा तासांनंतर तो नक्की दाखवता आला नाही.

त्यापूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला पलंगावर निजवून ठेवत, वेदना शमवत आणि ठोक्यांवर लक्ष ठेवत. धमनीतली गुठळी काढता येते आणि काढली तर स्नायू वाचतो, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध होऊन जेमतेम चाळीसेक वर्षं झाली आहेत. या शेतकऱ्याच्या बापाच्या काळात डॉक्टरच्या हाती फारसं काही नव्हतं. याच्या काळात होतं.

ओसरीवर तो कूस बदलत होता.

५.२०

दुखणं जरा कमी झालं. बायको म्हणाली, “बघा, ओव्यानं उतरलं.” ती चूल पेटवायला गेली.

वेदना कमी झाली म्हणजे रक्त सुरू झालं असं नसतं. धमनी बंदच होती.

६.००

पोरगा उठून गोठ्याकडे गेला. बाप दावणीपाशी भिंतीला टेकून बसलेला. समोर उलटी. तोंड पांढरंफटक, हात गार.

“दादा, काय झालं?”

“काही नाही. पित्त झालंय.”

६.१०

पोराने मोबाइल हातात घेतला. १०८ लावायचा का? महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या प्रजासत्ताकदिनापासून आहे. सुरुवातीलाच ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या २३३ प्रगत उपकरणांच्या. गाडीत डॉक्टर असतो. ठोका बिघडला तर तो झटक्याने पूर्ववत करायचं यंत्र प्रगत गाडीत असतं.

“ती यीस्तोवर आपण मंठ्यात पोचू,” शेजारी म्हणाला.

अंतराचा हिशेब बरोबर होता. पण अशा झटक्यात पहिल्या काही तासांत हृदयाचा ठोका अचानक थरथरीत बदलू शकतो. तसं झालं, तर यंत्राविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. मोटारसायकलवर त्याला कुणीही काही करू शकत नाही.

६.३५

मोटारसायकल निघाली. पुढे पोरगा, मध्ये बाप, मागे शेजारी त्याला धरून. त्याआधी बाप स्वतःच्या पायांनी पंचवीस-तीस पावलं चालत रस्त्यापर्यंत आला होता.

बायको मागे राहिली. गाडीवर जागा नव्हती.

६.५५

मंठा. ओळखीच्या दवाखान्याचं शटर अर्धं उघडं होतं. डॉक्टर वरून खाली आले. रक्तदाब १००/७०. पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, “वय आहे, घाम आहे. एक ईसीजी काढून घ्या.”

इंजेक्शननंतर बरं वाटतंय असं बापाने सांगितलं. “बसू थोडं.” ते बाकावर बसले. वीस मिनिटं गेली.

७.३५

ईसीजी निघाला. नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवेन यांना १९२४ मध्ये ज्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळालं, तोच हा कागद. काढायला पाच मिनिटं पुरतात. छातीवरच्या तारांच्या आलेखात रेघा खाली यायच्या जागी कमानीसारख्या वर उचललेल्या होत्या. मोठा झटका, हृदयाच्या पुढच्या भिंतीचा.

पहाटे ३.५० ला काढला असता, तरीही हाच आजार त्यावर दिसला असता.

७.४०

अॅस्पिरिनची गोळी चावून खायला दिली. सोबत रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी. ‘आयसिस-२’ या १९८८ च्या चाचणीत १७,१८७ रुग्णांवर सिद्ध झालं होतं की नुसत्या अॅस्पिरिनने झटक्यानंतरच्या पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटतात. काही रुपयांची गोळी. ती त्याच्या पोटात जायला चार तास लागले.

७.४५

“जालन्याला हलवा, उशीर करू नका.”

एक प्रश्न या वेळी कुणी विचारला नाही: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच, जवळच्या सरकारी रुग्णालयात मिळेल का? आताचं टेनेक्टेप्लेज शिरेतून एकदाच, काही सेकंदांत देता येतं. ते द्यायला अँजिओप्लास्टीचा विभाग लागत नाही. ईसीजी वाचणारा डॉक्टर लागतो आणि रक्तस्राव होण्याजोगं काही कारण रुग्णात नाही ना, याची खात्री लागते. वाचणारा डॉक्टर त्याच गावात असण्याचीही गरज नाही.

तामिळनाडूत हे करून पाहिलं गेलं. लहान रुग्णालयं मोठ्या रुग्णालयाशी जोडली, आलेख तिकडे पाठवले, इंजेक्शन जवळच दिलं आणि मग रुग्ण पुढे हलवला. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये याच धर्तीवर, अशा मोठ्या झटक्यांसाठी ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू केला. गेल्या काही वर्षांत नव्या औषधांचा गवगवा बराच झाला. माझ्या मते तालुक्याच्या माणसासाठी त्या सगळ्यांहून मोठी प्रगती ही आहे. ती उपयोगी पडायची तर घरच्यांना आधी तिची माहिती हवी.

७.५०

चारचाकी ठरली. पण शेजारी म्हणाला, रेशन कार्ड लागेल. महात्मा फुले योजनेत कागद लागतात, त्याशिवाय लाखाच्या गोष्टी. मागून मंठ्यात आलेला बापाचा धाकटा भाऊ कागद आणायला गावाकडे परत गेला. ९ किलोमीटर जाणं, पेटीतून कार्ड शोधणं, ९ किलोमीटर येणं. एका आडत्याकडून चाळीस हजारांची सोय झाली. सोयाबीन अजून विकलेलं नव्हतं.

तातडीच्या रुग्णाला योजनेत आधी दाखल करून कागद नंतर देता येतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

८.२०

गाडी निघाली. मंठ्यात आल्यापासून ८५ मिनिटं झाली होती. सरकारी ग्रामीण रुग्णालय मंठ्यातच मागे राहिलं.

८.४५

वाटूरचा फाटा. बापाला दम लागत होता. आडवं झालं की जास्त, बसलं की कमी. डावं हृदय पुढे ढकलू न शकलेलं रक्त मागे फुप्फुसांत तुंबत होतं. पोराने काच खाली केली. “वारा लागू दे.”

९.४०

जालना, रुग्णालयाचं दार. ३६० मिनिटं.

रायमर आणि जेनिंग्जच्या तक्त्यात इथे ७१ टक्के लिहिलेलं आहे.

९.४८

“छातीत कधीपासून दुखतंय?”

बाप मास्कमध्ये श्वास घेत होता. पोराने सांगितलं, “सकाळी सहापासून.”

त्याने खोटं सांगितलं नाही. त्याला जे माहीत होतं ते सांगितलं. ३.४० ची वेळ माहीत असलेली बाई गावात होती. केसपेपरवर लिहिलं गेलं: त्रासाची सुरुवात सकाळी ६. आपण ज्या आकड्यांवरून उशीर मोजतो, त्यातले कित्येक असेच लिहिले गेले असणार. खरा उशीर कागदावरच्या उशिरापेक्षा मोठा असतो, असं मला हे नोंदवताना सारखं वाटत राहिलं.

१०.३०

इंजेक्शन दिलं. मधली ५० मिनिटं अशी गेली: दुसरा ईसीजी, रक्त, संमतीच्या सह्या, हृदयतज्ज्ञाला फोन, धोक्यांची समज, “मोठ्या भावाला विचारतो” म्हणून पोराने लावलेला पुण्याचा फोन, जो दोनदा लागला नाही. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत निदानापासून सुईपर्यंत १० मिनिटांचं उद्दिष्ट आहे. निदान मंठ्यात ७.३५ ला झालं होतं.

११.३०

तिसरा ईसीजी. औषध लागू पडलं तर तासा-दीड तासात वर उचललेली रेघ निम्म्याहून अधिक खाली येते. ती आली नव्हती. रक्तदाब ८४/६०. तळवे गार. लघवी जवळपास बंद.

“संभाजीनगरला न्या. धमनी उघडावी लागेल.”

११.४५

या वेळी रुग्णवाहिका. ऑक्सिजन, मॉनिटर, रक्तदाब टिकवणारं औषध थेंब थेंब. साठेक किलोमीटर. पोरगा ड्रायव्हरशेजारी. धाकटा भाऊ मागच्या गाडीत, मांडीवर कागदांची पिशवी.

दुपारी १.०५

कॅथ लॅब. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा नेऊन फुगवला. रायमर आणि जेनिंग्जचा तक्ताही त्याच वर्षीचा. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट बसले. २०१७ मध्ये भारत सरकारने औषधवेष्टित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. जवळपास चार दशकांची ही सगळी वाट या टेबलापाशी येऊन पोचली होती. रुग्णही पोचला होता.

मनगटातून तार आत गेली.

१.४०

ब्लॉकेज निघालं. फुगा, मग स्टेंट. पडद्यावर रंगद्रव्य धमनीच्या टोकापर्यंत वेगाने गेलं. प्रवाह पूर्ण. काम निर्दोष झालं होतं.

धमनी बंद होऊन दहा तास झाले होते.

२.१५

इको. निरोगी हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्याला त्यातलं निम्म्याहून अधिक रक्त बाहेर टाकतो. याचा टाकत होता २० टक्के. पुढची भिंत हलत नव्हती. रक्त तिच्यापर्यंत आता पोचत होतं, पण ते वापरणारा स्नायू उरला नव्हता.

या अवस्थेला डॉक्टर कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. झटक्यानंतर शंभरातल्या पाच ते दहा जणांना तो होतो. धमनी उघडूनही त्यांच्यातले जवळपास निम्मे दगावतात.

३.००

डॉक्टरांनी पोराला बाजूला घेतलं. “धमनी उघडली आहे. हृदय थकलं आहे. चोवीस तास महत्त्वाचे.”

पोराने गावाकडे फोन केला. “ब्लॉकेज निघालं, आई. काळजी करू नको.”

आईने विचारलं, “जेवलास का?”

४.२०

व्हेंटिलेटर. रक्तदाबाच्या दोन औषधांवर तिसरं.

४.५२

ठोका विस्कटला. छातीवर दाब, विजेचा झटका, पुन्हा दाब. ठोका दोन मिनिटं आला आणि गेला.

५.१०

डॉक्टरांनी वेळ उच्चारली. नर्सने लिहून घेतली. पहाटेपासून तेरा तास तीस मिनिटं.

५.४०

मृत्यूच्या कागदांवर सही करायला धाकटा भाऊ पुढे झाला. वय ४९. लिहिताना दम लागला, म्हणून तो मध्येच थांबला. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिने त्याला खुर्चीत बसवून रक्तदाब घेतला: १६२/१०४. चढण चढताना कधी छातीत, जबड्यात भरून येतं का, असं विचारलं. जरा येतं म्हणाला, कट्टे उचलताना.

“उद्या सकाळी ईसीजी काढा. मंठ्यातच काढा, पण उद्याच.”

“आता घरी सगळं बघायचंय, डॉक्टर. तेरावं झालं की येतो.”

डॉक्टरने त्याला बसवूनच ठेवलं. खाटेवर शव होतं, बाहेर गाडीचा ड्रायव्हर घाई करत होता. तिने यंत्र तिथेच ओढून आणलं आणि त्याच्या छातीवर तारा लावायला घेतल्या.